गुरुवारची तक्रार

"उपाशीपोटी आहात ना?"

द्वारका दचकली. निघताना घाईघाईत एक केळं तेवढं खाल्लं होतं तिनं. ते सांगावं की नाही, या विचारात ती असतानाच पांढऱ्या कोटातल्या त्या तरुणानं समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "बसा. डावा हात."

ती बसली. का बसली, हे तिला नंतर कित्येक दिवस कळलं नाही. बाहेर श्रावणाची रिपरिप चालू होती, ओढणीचं एक टोक भिजून मनगटाला चिकटलं होतं, आणि धायरी फाट्यावरच्या त्या छोट्याशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळी आठ वाजता वीसेक माणसं आपापल्या नंबराची वाट बघत उभी होती. कुणीतरी मागून "व्हा ना पुढं" म्हणालं, आणि ती झाली पुढं.

"मूठ वळा."

"अहो, पण मी... मी कार्डासाठी आलेय."

"कार्ड काउंटरवर दाखवा. मूठ."

"ते कार्ड नाही हो – नेटवर्क कार्ड! तुमचं नेटवर्क बंद पडतं म्हणून तुम्हीच फोन केला होता ना?"

रबरी पट्टी तिच्या दंडावर अर्धी बांधून झाली होती. ती तशीच धरून त्यानं मान वर केली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. डोळे शांत, कपाळावर एक आठी, आणि चेहऱ्यावर हसण्याचं नावही नाही.

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

"विचारलं की. उपाशीपोटी आहात का, म्हणून." पट्टी सोडवत तो म्हणाला, "मी शुभंकर पेंडसे. इथला टेक्निशियन. कॉम्प्युटरपण मीच बघतो, कारण बाकी कुणी बघत नाही. आपण?"

"द्वारका भोयर."

"द्वारका?" तो क्षणभर थांबला. "बरंच लांबून आलात."

रांगेतल्या दोन बायका हसल्या. तो मात्र हसला नाही. आणि द्वारकाला कळेना – ही थट्टा, की अपमान, की नुसती चौकशी? दारव्ह्याला, तिच्या गावी, कुणी थट्टा केली की करणारा आधी स्वतः खो खो हसायचा. समोरच्याला कळायचं, आता आपणही हसायचं. पुण्यात येऊन तिला दोन वर्षं झाली होती, पण या शहरातली माणसं चेहरा कोरा ठेवून बोलायची, आणि ती रात्रीपर्यंत त्याचा अर्थ लावत बसायची.

* * *

दोन हजार साल होतं ते. तिच्या कॉलेजातली निम्मी मुलं अमेरिकेच्या व्हिसासाठी धावत होती, आणि द्वारका कोथरूडमधल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर, सात माणसांच्या कंपनीत, स्वतःच्या मर्जीनं काम करत होती. कंपनी गोपाळकृष्ण सरांची. परदेशी माल बाजारात बदाबदा येऊन पडत असताना या साठीच्या गृहस्थानं इथंच, पुण्यात, स्वतःचं नेटवर्क कार्ड बनवायचा ध्यास घेतला होता. कार्ड सरांनी बनवलं, आणि ते कॉम्प्युटरशी बोलतं करणारा प्रोग्रॅम – म्हणजे ड्रायव्हर – द्वारकानं लिहिला. त्यातली ओळ न् ओळ तिची होती.

म्हणूनच लॅबमधलं नेटवर्क अधूनमधून अचानक मुकं होतं, हे ऐकल्यावर तिला ते थेट स्वतःच्या अंगाला लागलं.

"होतं काय नक्की?" त्या पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं.

"काही होत नाही. हेच होतं." शुभंकर म्हणाला. "आतल्या कॉम्प्युटरवर रिपोर्ट तयार असतो, बाहेर काउंटरवर येत नाही. मग मी कॉम्प्युटर बंद करून चालू करतो, आणि ते शहाण्यासारखं वागायला लागतं. तुम्ही आल्यावर तर फारच शहाण्यासारखं."

ते मात्र खरं होतं. ती यायची तेव्हा सगळं सुरळीत चालू असायचं. ती तासभर बसायची, तपासायची, मान हलवायची, आणि दोन बस बदलून कोथरूडला परत जायची. मग चार-सहा दिवसांनी बंगल्यातला फोन वाजायचा. "भोयर आहेत का?" आणि ती फोनवर आली की एकच शब्द – "पडलंय."

पुन्हा दोन बस. पुन्हा धायरी.

हळूहळू तिला तिथलं सगळं माहीत झालं. लॅबच्या मालकीण डॉक्टर मंदाकिनी मॅडम नऊला येतात. रक्तातल्या पेशी मोजणारं मोठं मशीन कोपऱ्यात घरघरत असतं, आणि त्याची वायर त्याच कॉम्प्युटरला जोडलेली आहे. शुभंकर लहान मुलांचं रक्त घेताना त्यांना कावळ्याच्या आवाजात काहीतरी विचारतो, आणि मूल बावचळून बघत असतानाच सुई टोचून होऊनही जाते. म्हाताऱ्या माणसांशी तो टोमणे मारून बोलत नाही, एकदाही नाही. आणि ती आली, की काही न विचारता आल्याचा चहा येतो – तिचा कमी गोड. हे तिनं त्याला कधी सांगितलं होतं, हे काही तिला आठवत नव्हतं...

"हे इंटरप्ट इंटरप्ट काय म्हणत असता हो तुम्ही?" एकदा त्यानं विचारलं.

"बेल असते ती," ती म्हणाली. "कॉम्प्युटर आपल्या कामात असतो. कार्डाकडे काही माहिती आली, की ते बेल वाजवतं. मग हातातलं काम ठेवून माझा ड्रायव्हर कार्डाकडे जातो, काय हवंय बघतो, ते करतो, आणि परत येतो. सेकंदाला शेकडो वेळा."

"आणि पडतं तेव्हा?"

"बेल वाजतच नाही. कार्ड गप्प. कॉम्प्युटर गप्प. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात."

"हं." त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "तुमचं कार्ड तसं वाईट नाही. बंद पडायची वेळ मात्र चांगली निवडतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. पाऊस वाढायच्या आत निघा. स्टॉपपर्यंत येतो, छत्री एकच आहे."

छत्री एकच आणि लहान. त्याचा उजवा खांदा पूर्ण भिजला, तिचा डावा कोरडा राहिला. बसमध्ये बसल्यावर तिनं ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. बंद पडायची वेळ चांगली निवडतं... टोमणा? तक्रार? की... छे! पुण्याचा माणूस. काय म्हणायचंय ते म्हणत नाही आणि म्हणतो ते त्याला म्हणायचं नसतं. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं आणि तिला उगीचच हसू येत होतं.

* * *

घोळ सुरू झाला तो त्या गुरुवारपासून.

चौथ्या तक्रारीनंतर द्वारकाला पेशी मोजणाऱ्या मशीनचा संशय यायला लागला होता. तेही त्याच कॉम्प्युटरला बेल देतं. दोघांच्या बेलांची कुठंतरी गाठ पडत असेल तर? तिनं ड्रायव्हरमध्ये एक जादा भाग लिहून टाकला. दर मिनिटाला कार्डानं किती वेळा बेल वाजवली, याची तो नोंद करायचा. आता पुढच्या वेळी पडलं की नोंदीत भोक दिसेल, आणि त्या मिनिटाला मशीन काय करत होतं, तेही कळेल.

गुरुवारी दुपारी फोन आला. "पडलंय."

ती धावत गेली. पण त्या दिवशी मशीन सकाळपासून उघडून ठेवलेलं होतं, मशीनच्या कंपनीचा माणूस ते साफ करत बसला होता. म्हणजे मशीन बंद असतानाही नेटवर्क पडलं! संशय खोटा ठरला. तिनं वहीत मशीनच्या नावावर काट मारली.

आणि नोंद? नोंदीत भोक नव्हतंच. गुरुवारी सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत दर मिनिटाला बेल व्यवस्थित वाजत होती. कॉम्प्युटर बंद करून चालू केल्याची खूणही नव्हती.

तिला काही समजेना. त्यानंतरच्या सोमवारीही तेच. फोन आला, ती गेली, "मी चालू केलं परत" म्हणाला तो, आणि नोंद म्हणाली, काहीच झालेलं नाही.

मग चूक नोंदीतच असणार. दुसरं काय? तिनं तो भाग मोडला, पुन्हा लिहिला. पुन्हा मोडला. घड्याळ चुकतंय का पाहिलं. चार दिवस ती स्वतःच्याच ओळींकडे अशी बघत होती, जणू त्या परक्या कुणी लिहिल्या आहेत. पेइंग गेस्ट म्हणून राहायची तिथल्या काकू म्हणाल्या, "अगं, भाजीत मीठ दोनदा घातलंस." तिला कळलंही नव्हतं.

शुक्रवारी गोपाळकृष्ण सरांनी तिला बोलावलं. सर कधी ओरडायचे नाहीत. त्या दिवशीही ओरडले नाहीत.

"सोलापूरच्या एका हॉस्पिटलला साठ कार्डं हवी आहेत," ते म्हणाले. "पुढच्या शनिवारी पाठवायची. एका लॅबमधलं एक कार्ड आपल्याला सांभाळता येत नाही, तिथं साठ कशी देऊ? माणसं असतात तिथं, खाटांवर. नाही जमलं तर मी नाही म्हणून कळवतो आणि तैवानचा माल विकायला घेतो. बरेच जण तेच करतात. जेवतातही चांगलं."

"सर, मी शोधते."

"तू शोधतेच आहेस. पण दर वेळी निराळं काहीतरी शोधतेस." त्यांनी चष्मा पुसला. "ड्रायव्हर दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यावा का, याचाही विचार कर. मी तुला काढत नाहीये. विचार कर म्हणतोय."

ती मान खाली घालून बाहेर आली.

* * *

शनिवारी ती न बोलावताच लॅबमध्ये गेली. सकाळची गर्दी, मशीनची घरघर, काउंटरवर रिपोर्टांची घाई. आणि पावणेदहाला, तिच्या डोळ्यांदेखत, ते पडलं.

पहिल्यांदाच तिनं ते पाहिलं. काउंटरवरचा पडदा गोठला. बाकावर आनंदीबाई नावाच्या एक आजी बसल्या होत्या. त्यांच्या नातवाला डेंगीचा ताप होता. प्लेटलेट किती, ते कळल्याशिवाय हॉस्पिटलवाले पुढं काही ठरवत नव्हते. त्या तिसऱ्यांदा उठून काउंटरशी आल्या. "झालं का रे बाळा?"

"झालं, आजी. एक मिनिट." शुभंकरनं कॉम्प्युटरची वाटच पाहिली नाही. आत गेला, मशीनच्या कागदी पट्टीवरचे आकडे हातानं उतरवून काढले, मॅडमची सही घेतली, हॉस्पिटलला फोन करून आकडा दोनदा वाचून दाखवला, आणि आजींना रिक्षात बसवून कागद त्यांच्या मुठीत दिला. परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. टोमणा नाही, काही नाही. आत जाऊन उरलेले रिपोर्ट हातानं लिहायला लागला.

द्वारका त्याच्याकडे बघत राहिली. याच्यावर आपलं प्रेम आहे, हे तिला त्या क्षणी कळलं – आणि कळल्याबरोबर ती आणखीच गोंधळली, कारण त्याच्या लॅबमधलं हे सगळं तिच्या चुकीनं पडलं होतं.

दुपारी गर्दी ओसरली. तिनं नोंद उघडली. पावणेदहाला भोक. स्पष्ट, कॉम्प्युटर बंद करून चालू करेपर्यंतचं भोक.

"नोंद बरोबर आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "आज बरोबर आहे. मग गुरुवारी का नव्हती?"

"काय झालं?" शुभंकर दारात उभा होता.

"मला काही समजत नाहीये हो." तिचा आवाज एकदम कापला. "गुरुवारी पडलं, सोमवारी पडलं, आणि माझी नोंद म्हणते, पडलंच नाही. चार दिवस मी तेच पुन्हा पुन्हा लिहितेय. तुम्ही म्हणालात पडलं, म्हणजे पडलंच असणार... मग मीच चुकतेय ना? सर म्हणतात, ड्रायव्हर दुसऱ्याकडून लिहून घेऊ. कदाचित बरोबरच म्हणतात. मला येत नसेल."

त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

"द्वारका," तो म्हणाला. भोयर नाही. "तुमची नोंद बरोबर आहे. गुरुवारी काही पडलं नव्हतं. सोमवारीही नाही."

"म्हणजे?"

"दोन आठवडे काही बिघडलंच नव्हतं. मी... मी रोज बघायचो, आज तरी पडतंय का. पडत नव्हतं. मग मी फोन केला." त्यानं खाली पाहिलं. "एक फेरी जास्त होईल तुमची, एवढंच वाटलं. त्यावर तुम्ही काही बेतत असाल, हे मला माहीत नव्हतं."

मशीन घरघरत होतं. द्वारका उठून उभी राहिली. दोन वर्षं जपून वापरलेली पुण्याची भाषा तिच्या तोंडातून कुठल्या कुठं गेली.

"कायले खोटं बोलले तुम्ही? मले येडी समजून राहिले काय? चार दिवस मी सोताच्या कामावर इस्वास नाई ठेवला – तुमच्यावर ठेवला!"

"माझं चुकलं."

"कोणत्या खोट्या? नीट सांगा."

"गुरुवारची आणि त्यानंतरच्या सोमवारची. आजची धरून बाकी पाच खऱ्या."

"कशावरून?"

उत्तरासाठी न थांबता ती पिशवी उचलून निघाली. छत्री तिनं स्वतःची आणली होती.

* * *

रविवारी ती दिवसभर खोलीत बसून होती. राग येत होता, आणि रागाच्या मध्येच कुठंतरी, काहीही कारण नसताना, ते वाक्य आठवत होतं – मी रोज बघायचो, आज तरी पडतंय का. असं कुणी कुणासाठी करतं? आणि करावं का? बरं, केलं ते चांगलं की वाईट? वाईटच. वाईटच की! मग आरशात बघताना हे हसू कसलं?... तिनं तोंड धुतलं आणि वही काढली. गुरुवार आणि सोमवार खोडला. राहिले पाच दिवस. आणि मशीनच्या नावावरची काट आता तिच्याकडेच बघत होती.

सोमवारी दहा वाजता बंगल्याच्या फाटकाशी स्कूटर थांबली. शुभंकर आत आला, हातात प्लॅस्टिकची भली मोठी पिशवी. द्वारकाकडे न बघता तो सरळ गोपाळकृष्ण सरांच्या टेबलापाशी गेला.

"सर, मी धायरीच्या लॅबमधला पेंडसे. तुमच्याकडे माझ्या सात तक्रारी आहेत. त्यातल्या दोन मी खोट्या केल्या. कार्ड चालू होतं. यांचं काम त्यामुळं अडलं. यांची काही चूक नाही, हे सगळ्यांसमोर सांगायला आलोय. आमच्या मॅडमना सकाळीच सांगितलं."

सातही माणसांनी मान वर केली. सरांनी चष्म्यावरून त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"काय म्हणाल्या मॅडम?"

"दोन महिने रविवारची ड्यूटी."

"कमी दिली. पेंडसे, आमच्याकडे लोक कार्ड चालत नाही म्हणून तक्रार करतात. चालतंय म्हणून करणारे तुम्ही पहिले." त्यांनी एकदा द्वारकाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि पेपर डोळ्यांसमोर धरला. "पिशवीत काय आहे?"

पिशवीत मशीनच्या कागदी पट्ट्या होत्या. प्रत्येक नमुन्याचे आकडे, आणि शेजारी वेळ – तास, मिनिट, सेकंद. "तुम्ही विचारलंत ना, कशावरून," तो द्वारकाला म्हणाला. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. हे बघा."

बंगल्याच्या फरशीवर त्यांनी पट्ट्या पसरल्या. पंखा बंद केला. तो वेळ वाचायचा, ती वहीशी ताडून बघायची. गुडघ्यांवर बसून, एकमेकांकडे न बघता. पहिली तक्रार... मशीन आकडे पाठवत होतं. दुसरी... पाठवत होतं. तिसरी. चौथी. आणि शनिवारची, पावणेदहाची. पाचही वेळा!

द्वारका पट्टीवर बोट ठेवून तशीच बसली. मग एकदम उठली आणि कॉम्प्युटरपाशी गेली. तासाभरानं तिनं हाक मारली, आणि सर आणि शुभंकर दोघंही तिच्या मागं येऊन उभे राहिले.

"कार्डाकडे एक पाटी असते," ती म्हणाली. "बेल वाजवताना कार्ड त्यावर लिहितं, काय झालंय ते. मी पाटी वाचते, काम करते, आणि जाताना पाटी पुसते. अख्खी पाटी. पण माझं काम अर्ध्यावर असताना तुमच्या मशीनची बेल वाजली, तर कॉम्प्युटर मला तसंच ठेवून तिकडं जातो. तेवढ्यात कार्ड पाटीवर नवीन ओळ लिहितं – माझा डबा भरलाय, रिकामा करा. मी परत येते, उरलेलं काम संपवते, आणि..."

"न वाचता पुसतेस," सर म्हणाले.

"न वाचता पुसते. कार्डाला वाटतं, सांगून झालं. ते वाट बघतं. मला कुणी काही सांगितलेलंच नसतं."

"आणि उपाय?"

"वाचलं तेवढंच पुसायचं, तेही काम सुरू करायच्या आधी. आणि निघताना पाटीकडे पुन्हा एकदा बघायचं." ती थांबली. "चार ओळी, सर. महिनाभर मी चार ओळी शोधत होते."

सरांनी आत जाऊन स्वतः तीन कप चहा टाकला. गेल्या वीस वर्षांत त्यांनी कुणाला चहा करून दिलेला कंपनीतल्या कुणी पाहिला नव्हता.

* * *

शुक्रवारी सकाळी लॅबमध्ये चाचणी झाली. पेशी मोजणारं मशीन एकामागून एक नमुने पाठवत होतं, काउंटरवरून रिपोर्टांचा मारा चालू होता, आणि द्वारका नोंदीवर डोळे लावून बसली होती. आठ, नऊ, दहा, अकरा. शंभर वेळा दोन्ही बेला एकमेकींच्या अंगावर आल्या. एकही भोक नाही. मंदाकिनी मॅडम येऊन "चांगलं काम केलंस हो" म्हणून गेल्या. तिनं सरांना फोन केला. "साठ पाठवतो," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला, पण ठेवण्याआधी नाक ओढल्याचा आवाज तिला ऐकू आला.

साडेबाराला ती निघाली. शुभंकर स्टॉपपर्यंत आला. आठवड्याच्या पावसानंतर ऊन पडलं होतं, रस्त्याकडेच्या डबक्यांत आभाळ दिसत होतं.

"आता पडणार नाही?" त्यानं विचारलं.

"नाही."

"म्हणजे तुम्ही येणार नाही."

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तोच कोरा चेहरा, कपाळावर तीच आठी. "हा टोमणा आहे का?" तिनं विचारलं. "मला खरंच कळत नाही हो तुमचं. दर वेळी घरी जाऊन विचार करावा लागतो."

"टोमणा नाही." त्याचा आवाज इतका हळू झाला, की तिला जवळ सरकावं लागलं. "सरळ कसं बोलायचं ते... आमच्याकडे सवय नाही कुणाला. तुम्ही मला आवडता. पहिल्या दिवसापासून. बसा म्हटलं तर बसलात, तेव्हापासून. खोटं बोललो त्याची लाज वाटते. एवढंच आहे. आता रागवायचं तर रागवा."

एक पाण्याचा टँकर गडगडत गेला. महिनाभर द्वारकाच्या डोक्यात चाललेला सगळा गोंगाट तेवढ्यात कुठंतरी विरून गेला, आणि उरलं ते फार साधं होतं.

"एक ऐका," ती म्हणाली. "बिघडलं असेल, तर बिघडलं म्हणायचं. बिघडलं नसेल, तर बिघडलं म्हणायचं नाही. तेव्हा नुसतं 'ये' म्हणायचं. मी येईन."

"ये?" त्याचे कान लाल झाले. "एकेरी?"

"हो."

"मग... रविवारी ये."

"रविवारी तर ड्यूटी आहे ना?"

"हो की! मग सोमवारी. नाही, सोमवारी तुमचं... तुझं ऑफिस." तो पार गडबडून गेला. रांगेतल्या वीस माणसांना धाकात ठेवणारा हा माणूस इतका गोंधळू शकतो, हे तिला फारच आवडलं. "पुढचं काही मी ठरवलंच नव्हतं गं. इथपर्यंतच सुचलं होतं."

"आत्ता किती वेळ आहे?"

त्यानं घड्याळ पाहिलं. "जेवणाच्या सुट्टीतली पंचवीस मिनिटं."

"पुरेत की." ती स्टॉपवरच्या ओल्या बाकावर टेकली, पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि शेजारच्या जागेकडे बघून म्हणाली, "बस."

तो मान उंचावून रस्त्याच्या टोकाकडे बघायला लागला. "कुठाय? दिसत नाही."

"अरे, खाली बस!"

शुभंकर हसला. मोठ्यानं, सगळे दात दाखवून. मग तो बसला.